मऊ हाडात स्क्रूची पकड सुटते: लक्षणं, क्रमाने तपासण्या आणि कुठे थांबायचं

आधी लक्षणं. ऑपरेशन टेबलवर दिसणारी आणि नंतर एक्स-रेत दिसणारी लक्षणं वेगळी असतात, आणि त्यांची कारणंही बऱ्याचदा वेगळी असतात.

टेबलवर:

- शेवटच्या दोन फेऱ्यांत स्क्रू घट्ट होण्याऐवजी एकदम हलका होतो आणि फिरतच राहतो.
- प्लेट हाडाकडे ओढली जात नाही, उलट स्क्रूच प्लेटकडे वर येतो.
- वॉशर नसलेल्या लॅग स्क्रूचं (दोन तुकडे एकमेकांवर दाबणारा स्क्रू) डोकं कॉर्टेक्स (हाडाचं बाहेरचं कठीण कवच) फोडून आत बसतं.
- ड्रिल करताना दुसरा कॉर्टेक्स लागल्याचं हाताला कळतच नाही.
- डेप्थ गेजचा (भोकाची खोली मोजणारं साधन) हूक पलीकडे अडकत नाही, किंवा अडकून कडा मोडून परत येतो.

काही आठवड्यांनी:

- स्क्रूभोवती १ मि.मी. किंवा त्याहून रुंद काळी रेघ दिसते. मणक्यात या रेघेबाहेर पांढरी कडाही दिसू शकते.
- एखाद्या स्क्रूचं डोकं प्लेटबाहेर आलेलं असतं.
- लॉकिंग प्लेट (जिच्या भोकांतल्या आट्यांत स्क्रूची डोकी पक्की बसतात) सगळ्या स्क्रूंसकट एकसंध उचलली जाते.
- खुब्यात लॅग स्क्रूचं टोक फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) डोक्यातून वर सरकतं, किंवा खांद्यात ह्यूमरसचं (दंडाच्या हाडाचं) डोकं व्हारसमध्ये (आतल्या बाजूला) कलतं आणि स्क्रूची टोकं सांध्यात येतात.

स्क्रू मधोमध किंवा डोक्याखाली मोडला असेल तर ती या यादीतली तक्रार नाही. पकड चांगली होती म्हणूनच तो वाकून वाकून मोडला. तिथे न जुळलेलं फ्रॅक्चर, कमकुवत गाभा (आट्यांच्या आतली दांडी) किंवा चुकीची रचना शोधा. जाड आट्यांचा स्क्रू घालून तो प्रश्न सुटत नाही.

पकड कशावर ठरते

स्क्रू उपटला जातो तेव्हा धातूचे आटे शाबूत असतात. त्यांच्यामध्ये अडकलेलं हाड कातरलं जातं. म्हणून उपटण्याला होणारा विरोध चार गोष्टींवर ठरतो: हाडाची कातर सहन करण्याची ताकद, आट्यांचा बाहेरचा व्यास, हाडात प्रत्यक्ष बसलेली आट्यांची लांबी, आणि आट्याची खोली भागिले पिच (दोन आट्यांमधलं अंतर). पहिली गोष्ट त्या दिवशी तुमच्या हातात नसते. उरलेल्या तीन असतात. त्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे, असलेलं हाड भोक पाडताना आणि स्क्रू पिळताना वाया घालवायचं की नाही, हे पूर्णपणे तुमच्या हातात असतं.

सिमेंट, खास इम्प्लांट आणि दुहेरी प्लेट या सगळ्याआधी खालच्या फुकट तपासण्या करून घ्याव्यात असा आग्रह त्यामुळेच आहे. मऊ हाडात आटे एकदाच पडतात. तेच बिघडले तर पुढचा प्रत्येक उपाय आणखी महाग होत जातो.

१. असलेली चित्रं परत पाहा

खर्च शून्य. हाड मऊ आहे हे ड्रिल आत घुसल्यावर कळणं म्हणजे उशीर झाला. खांद्याच्या एपी (समोरून घेतलेल्या) एक्स-रेवर डेल्टॉइड ट्यूबरॉसिटीच्या (दंडाच्या हाडावर खांद्याचा स्नायू चिकटतो तो उंचवटा) लगेच वर, जिथे बाहेरच्या दोन्ही कडा समांतर होतात तिथे, हाडाचा बाहेरचा व्यास मोजा आणि त्याला आतल्या पोकळीच्या व्यासाने भागा. उत्तर १.४ पेक्षा कमी आलं तर हाड विरळ धरून चाला. मोजायला मिनिट लागत नाही.

पोटाचा किंवा मणक्याचा सीटी दुसऱ्या कारणासाठी झाला असेल तर त्यातच एल-१ (कमरेच्या पहिल्या) मणक्याच्या मधल्या जाळीदार भागात वर्तुळ ठेवून हाउन्सफिल्ड आकडा (सीटीवरचं घनतेचं माप) वाचा. ११० च्या खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिसची दाट शक्यता, १६० च्या वर असेल तर शक्यता कमी. कडेचा कॉर्टेक्स किंवा दबलेला मणका वर्तुळात घेऊ नका, आकडा खोटा वाढतो. डेक्सा स्कॅनचा (हाडाची घनता मोजणारा स्कॅन) टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाच्या तुलनेतला आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर निदान झालेलंच आहे. पण कण्याला झीजेचे काटे असलेल्या म्हातारपणात कमरेचा टी-स्कोअर फसवा चांगला येतो. अशा वेळी खुब्याचा आकडा पाहा.

हे आधी कळलं तर ट्रेमध्ये ४.० आणि ६.५ मि.मी. चे कॅन्सेलस स्क्रू (जाळीदार हाडासाठीचे, जाड आट्यांचे), वॉशर, लांब प्लेट आणि लागलंच तर सिमेंट आधीच मागवता येतं. रुग्ण टेबलवर असताना फोनाफोनी करावी लागत नाही.

२. ड्रिल बिट: माप, धार, डुलणं

सर्वांत जास्त पकड इथे वाया जाते आणि सर्वांत कमी लक्षही इथेच दिलं जातं.

नेहमीच्या जोड्या अशा. ३.५ मि.मी. कॉर्टिकल स्क्रूचा गाभा २.४, पिच १.२५, ड्रिल २.५. ४.० कॅन्सेलसचा गाभा १.९, पिच १.७५, ड्रिल २.५. ४.५ कॉर्टिकलला ड्रिल ३.२. ६.५ कॅन्सेलसचा गाभा ३.०, पिच २.७५, ड्रिल ३.२. ३.५ लॉकिंगचा गाभा २.९, ड्रिल २.८. ५.० लॉकिंगचा गाभा ४.४, ड्रिल ४.३. कंपनीनुसार दशांशात फरक असतो. त्या संचाची तंत्रपुस्तिका ट्रेसोबत ठेवा.

नेहमीची गफलत म्हणजे लॉकिंगसाठी २.८ ने भोक पाडायचं आणि मग विचार बदलून त्यात ३.५ चा साधा कॉर्टिकल स्क्रू घालायचा. गणित करून पाहा. २.५ च्या भोकात आट्याला प्रत्येक बाजूला ०.५ मि.मी. हाड मिळतं, २.८ च्या भोकात फक्त ०.३५. धडधाकट हाडात हे खपून जातं. मऊ हाडात याच स्क्रूला ‘हाडच वाईट होतं’ म्हणून दोष दिला जातो. ऑपरेशन थिएटरमध्ये दोन्ही बिट वेगळ्या रंगाच्या किंवा वेगळ्या कप्प्यात ठेवल्या तर ही चूक निम्म्या वेळा होणारच नाही.

धार. बोथट बिट पुढे सरकायला जोर मागते, जोर दिला की ती पलीकडे धसकन जाते आणि दुसऱ्या कॉर्टेक्सची कडा फोडून मोठं भोक करते. शिवाय बोथट बिट जास्त तापते. ४७ अंश सेल्सिअस तापमान १ मिनिटभर राहिलं तरी हाडाच्या पेशी मरतात. टेबलवर हे दिसत नाही. काही आठवड्यांनी स्क्रूभोवती काळी रेघ दिसते तेव्हा ड्रिल कोणाच्या लक्षातही नसतं. थंड सलाईनची धार सुरू ठेवा, बिटच्या खोबणीतला भुसा मधेच पुसा, आणि ज्या बिटने प्लेटला किंवा दुसऱ्या स्क्रूला घासलं आहे ती लगेच बाजूला काढा.

डुलणं. गाइडशिवाय, मनगट हलत असताना पाडलेलं भोक गोल राहत नाही, लंबगोल होतं. त्याचं माप कागदावर २.५ असतं, प्रत्यक्षात नसतं. स्लीव्ह वापरा, एकाच फेरीत आत जा, फिरत असतानाच सरळ बाहेर या. ‘एकदा परत बघू’ म्हणून त्याच भोकात पुन्हा ड्रिल फिरवू नका.

टॅपबद्दल (स्क्रूआधी भोकात आटे कापणारं हत्यार) थोडक्यात: मऊ, जाळीदार हाडात टॅप करू नका. न टॅप करता गेलेला स्क्रू भोवतीचं हाड दाबून घट्ट करतो, टॅप तेच हाड कापून बाहेर काढतो. पेडिकलमध्ये (मणक्याच्या मागच्या बाजूचा हाडाचा खांब) टॅप लागलाच तर स्क्रूपेक्षा १ मि.मी. लहान मापाचा घ्या. वरचा कॉर्टेक्स कठीण असेल तर तेवढाच टॅप करून थांबा.

३. लांबी

सेल्फ-टॅपिंग स्क्रूच्या टोकाला कापणाऱ्या खाचा असतात. त्या भागात आटे अर्धेच असतात. हा भाग नेमका पलीकडच्या कॉर्टेक्समध्ये अडकून राहिला तर एका कॉर्टेक्सची पकड जवळजवळ गमावली. टोक पलीकडे साधारण २ मि.मी. बाहेर यायला हवं. मापात ३६ आणि ३८ मध्ये अडकलात तर ३८ घ्या.

याला अपवाद आहेत आणि ते पाठच हवेत. मनगटाजवळ रेडिअसच्या खालच्या ओळीतले लॉकिंग स्क्रू मागच्या कॉर्टेक्सबाहेर येता कामा नयेत, तिथले एक्स्टेन्सर टेंडन घासून तुटतात. तिथे मापाच्या ७५ टक्के लांबीही पुरते, कारण ते स्क्रू उपटण्याविरुद्ध नव्हे तर सांध्याच्या पृष्ठभागाखाली आधाराला बसवलेले असतात. ह्यूमरसच्या डोक्यात टोक सांध्याच्या पृष्ठभागापासून ५ ते ८ मि.मी. आधी थांबवा. मोठ्या रक्तवाहिन्यांच्या दिशेने जाणाऱ्या स्क्रूला ‘२ मि.मी. जास्त’ हा नियम लावू नका.

अर्धे आटे असलेल्या लॅग स्क्रूचे सगळे आटे फ्रॅक्चरच्या पलीकडे गेलेत ना, हे सी-आर्मवर (ऑपरेशनमधलं एक्स-रे यंत्र) तपासा. एक आटा जरी रेषेत राहिला तरी स्क्रू दाब देत नाही, आणि तुम्ही पकड कमी आहे असं समजून आणखी पिळत बसता. मीडिअल मॅलिओलसचं (घोट्याच्या आतल्या बाजूचं) हाड भुसभुशीत असेल तर आखूड ४.० कॅन्सेलस स्क्रूपेक्षा नडगीच्या (टिबिआच्या) पलीकडच्या कॉर्टेक्सपर्यंत जाणारा लांब ३.५ कॉर्टिकल लॅग स्क्रू चांगला. आखूड स्क्रूचे आटे मेटाफिसिसच्या (हाडाच्या टोकाजवळचा रुंद भाग) पोकळ भागात तरंगत राहतात.

४. हात

इथे थोडं रेंगाळायला हवं.

स्क्रू पिळताना टॉर्क (पिळण्याचा जोर) वाढत जातो, डोकं बसतं, टॉर्क शिखराला पोचतो आणि मग आटे कातरले जातात. निरोगी हाडात ‘घट्ट’ आणि ‘सुटला’ यांच्यात बरंच अंतर असतं. मऊ हाडात ते अंतर अर्ध्या वळणाचंही नसतं. त्यात आणखी वाईट म्हणजे आटे खराब व्हायला सुरुवात होते तेव्हा हाताला काहीच कळत नाही. शिखराच्या ९० टक्क्यांपर्यंत पिळलेला स्क्रू हाताला उत्तम घट्ट लागतो, पण त्याची उपटण्याची ताकद उतरू लागलेली असते. शिखराच्या ६० ते ७० टक्क्यांवर थांबलेला स्क्रू पुरेसा असतो. सवयीने दिलेली ती शेवटची पाव फेरी मऊ हाडात काही मिळवून देत नाही.

प्रत्यक्षात असं करा. पॉवर ड्रायव्हर वापरत असाल तर डोकं प्लेटला लागण्याआधी थांबवा. उरलेल्या फेऱ्या हाताने. ड्रायव्हर मुठीत नव्हे, दोन बोटं आणि अंगठ्यात धरा. डोकं बसल्याची जाणीव झाली की थांबा, सहकाऱ्याने ‘अजून थोडं’ म्हटलं तरी. सगळे स्क्रू आधी सैल बसवून मग आळीपाळीने घट्ट करा, म्हणजे पहिल्या स्क्रूवर प्लेट ओढण्याचा सगळा भार येत नाही. प्लेट हाडापासून दूर असेल तर ती क्लॅम्पने किंवा पुश-पुल साधनाने जवळ आणा. स्क्रूने ओढून आणू नका.

स्क्रू काढून परत घालायचा असेल तर आधी उलट दिशेने हळू फिरवा. जुन्या आट्यात पडल्याची बारीक ‘टप्’ जाणवते. मगच सुलट पिळा. थेट पिळलात तर नवे आटे जुन्यांना छेदतात आणि भोक गुळगुळीत होतं.

लॉकिंग स्क्रूच्या बाबतीत हात आणखी फसतो. डोकं प्लेटच्या आट्यात बसतं तो कडकपणा धातू-धातूचा असतो. टॉर्क लिमिटरचा आवाज (३.५ ला १.५ न्यूटन-मीटर, ५.० ला ४ न्यूटन-मीटर) फक्त डोकं नीट लॉक झाल्याचं आणि ते जाम होऊन पुढे काढता न येण्याइतकं पिळलं नसल्याचं सांगतो. त्या वेळी खाली हाडात आटे कधीच गेलेले असू शकतात. म्हणून लॉकिंग स्क्रूची पकड डोकं प्लेटला टेकण्याआधी, दुसऱ्या कॉर्टेक्समधून जाताना, जोखायची असते.

५. जागा आणि दिशा

त्याच हाडात दोन सेंटिमीटर अंतरावर वेगळं हाड असतं. खुब्यात लॅग स्क्रूच्या टोकापासून फीमरच्या डोक्याच्या शिखरापर्यंतचं अंतर एपी आणि लॅटरल दोन्ही चित्रांत मोजा, मोठेपणाची दुरुस्ती स्क्रूच्या माहीत असलेल्या व्यासावरून करा, आणि दोन्हींची बेरीज २५ मि.मी. च्या आत ठेवा. वर-पुढच्या कोपऱ्यात गेलेला स्क्रू कितीही जाड असला तरी वर सरकतो. गाइड वायर चुकीची आहे हे कळलं तर ती बदलण्याची वेळ रीमिंगच्या (मोठं भोक कोरण्याच्या) आधीची असते, नंतरची नव्हे.

ह्यूमरसमध्ये खाली-आतल्या बाजूला जाणारे कॅल्कर स्क्रू सोडू नका, आणि आतली बाजू जुळवल्याशिवाय प्लेट लावू नका. आत आधार नसलेलं डोकं व्हारसमध्ये कलतंच. रोटेटर कफमधून (खांद्याभोवतीचे टेंडन) न विरघळणारे जाड धागे घेऊन प्लेटला बांधा. मऊ ट्यूबरॉसिटीपेक्षा टेंडनचं टोक जास्त भरवशाचं असतं. फीमरच्या मानेत तीन स्क्रू घालताना उलटा त्रिकोण, खालचा स्क्रू खालच्या कॉर्टेक्सला चिकटून आणि मागचा मागच्या कॉर्टेक्सला चिकटून, हा क्रम पाळा. बाहेरचं भोक लेसर ट्रोकँटरच्या (मांडीच्या हाडावरचा आतला लहान उंचवटा) खाली जाऊ देऊ नका, तिथून सबट्रोकँटेरिक फ्रॅक्चर होतं.

पेडिकलमध्ये सरळ घालण्यापेक्षा आत कलते, एकमेकांकडे वळलेले स्क्रू घाला आणि क्रॉसलिंकने (आडव्या दांडीने) जोडा. मग उपटायला दोघांच्या मधलं हाडही सोबत यावं लागतं. स्क्रूचं डोकं लॅमिनावर (मणक्याच्या मागच्या हाडाच्या पट्टीवर) रुतवून बसवू नका. ते घट्ट वाटतं, पण मागचा कॉर्टेक्स चिरडून स्क्रू तरफेसारखा उचलला जातो. एस-१ मध्ये (त्रिकास्थीचा पहिला मणका) पुढचा कॉर्टेक्स पकडा, शक्य असेल तर प्रोमॉन्टरीच्या (त्याच्या पुढच्या वरच्या कडेच्या) दिशेने.

६. भोक गेलंच तर

आटे गेलेला स्क्रू तसाच सोडून पुढे जाऊ नका. एक सैल स्क्रू म्हणजे शेजारच्या दोघांवर जास्त भार. क्रम असा:

आधी शेजारचं भोक वापरा. प्लेट कोन बदलू देत असेल तर त्याच भोकातून १० अंश वळवून ताज्या हाडात जा. दोन्ही जमत नसेल तर जाड आटे: ३.५ च्या जागी ४.० कॅन्सेलस, ४.५ च्या जागी ६.५. सारख्याच लांबीत ४.० ची पकड हिशेबाने सव्वापट होते, ६.५ ची सुमारे १.७ पट. पण दोन अटी आहेत. हाड जाळीदार हवं, कारण दीड मिलिमीटर पातळ कॉर्टेक्समध्ये १.७५ पिचचा एक आटाही पूर्ण बसत नाही. दुसरं म्हणजे ४.० चा गाभा १.९ आहे. वाकण्याची ताकद गाभ्याच्या घनावर ठरते, म्हणून तो ३.५ कॉर्टिकलच्या निम्माच ताकदवान असतो. भार झेलणाऱ्या जागी एकटा ४.० मोडेल.

डोकं आत बसत असेल तर वॉशर. सगळ्यांत स्वस्त तुकडा आणि सगळ्यांत कमी वापरला जाणारा. टोकदार क्लॅम्पही मऊ कॉर्टेक्समधून आत जातो, त्याच्याखालीही वॉशर ठेवता येतो. पोकळ झालेल्या भोकात रुग्णाच्याच हाडाच्या काडीसारख्या चिपा दाबून भरल्या तर आट्यांना थोडा आधार मिळतो. पण हे नॉन-लोडिंग जागेपुरतंच.

एक्सटर्नल फिक्सेटरच्या (शरीराबाहेरून हाड धरणारी चौकट) पिनांसाठी वेगळा सोपा मार्ग आहे: हायड्रॉक्सिअपाटाइटचा (हाडातल्या खनिजासारखा) लेप असलेल्या पिना. मऊ हाडात त्या साध्या पिनांपेक्षा जास्त काळ टिकतात.

७. लॉकिंग प्लेट, पण नियमाने

लॉकिंग स्क्रू उपटण्यावर अवलंबून नसतात. सगळे मिळून एक चौकट होतात आणि हाडावर दाबाचा भार टाकतात, म्हणून विरळ हाडात त्यांचा फायदा खरा आहे. पण ते हाडाची गुणवत्ता वाढवत नाहीत, आणि फ्रॅक्चर जुळलं नसेल तर न जुळलेल्याच जागी ते पक्कं धरून ठेवतात. आधी जुळवा, लॅग द्यायचा तो द्या, मग लॉक करा. एकदा लॉक केलेल्या तुकड्यात मग लॅग स्क्रू दाब देऊ शकत नाही.

एकाच कॉर्टेक्समधला लॉकिंग स्क्रू चांगल्या हाडात चालतो. पातळ कॉर्टेक्समध्ये त्याची पकड एक-दीड मिलिमीटरची. पीळ आला की मऊ मातीतल्या खुंट्यासारखा तो स्वतःचंच भोक रुंद करत जातो. डायफिसिसमध्ये (हाडाच्या मधल्या दांड्यात) दोन्ही कॉर्टेक्स घ्या. प्लेट हाडापासून २ मि.मी. पेक्षा दूर ठेवू नका. ५ मि.मी. वर रचना लक्षणीय कमकुवत होते. स्क्रू तिरका जाऊन डोकं अर्धवट लॉक होऊ नये म्हणून थ्रेडेड गाइड पूर्ण बसवूनच ड्रिल करा.

लांबी हे खरं शस्त्र. तुकडे तुकडे झालेल्या फ्रॅक्चरमध्ये प्लेट फ्रॅक्चरच्या लांबीच्या २-३ पट, साध्या रेषेच्या फ्रॅक्चरमध्ये ८-१० पट. सगळी भोकं भरू नका, साधारण निम्मी रिकामी राहू द्या. पायाच्या हाडात प्रत्येक मुख्य तुकड्यात किमान २-३ स्क्रू, ह्यूमरसमध्ये पीळ जास्त म्हणून ३-४. प्रत्येक भोकात स्क्रू घातलेली आखूड प्लेट दिसायला भक्कम असते, पण ती हाड जुळू देत नाही आणि तिच्या टोकाला नवं फ्रॅक्चर तयार करते.

८. सिमेंट

वरचं सगळं नीट करूनही पकड अपुरी राहणार असेल तरच. पीएमएमए (नेहमीचं हाडाचं सिमेंट) घट्ट होताना तापतं, विरघळत नाही आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागली तर आडवं येतं. कॅल्शिअम फॉस्फेट कमी तापतं आणि कालांतराने हाडात मिसळतं, पण ठिसूळ असतं. मेटाफिसिसची पोकळी भरायला ठीक, आट्यांना धरायला कमी.

प्रमाणं लहान असतात. पेडिकलमध्ये प्रत्येक स्क्रूला १ ते ३ मि.लि., छातीच्या मणक्यात खालच्या टोकाचं प्रमाण. खुब्यातल्या छिद्रं असलेल्या ब्लेडमधून ३ ते ६ मि.लि. ह्यूमरसच्या डोक्यात प्रत्येक स्क्रूला सुमारे अर्धा मि.लि. जास्त सिमेंटने पकड त्या पटीत वाढत नाही, गळती मात्र वाढते.

पद्धत: छिद्रं असलेला स्क्रू किंवा ब्लेड आधी बसवा, मग सिमेंट. साधा स्क्रू असेल तर सिमेंट आधी आणि ते मऊ असतानाच स्क्रू. सांध्याजवळ आधी कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत दिसणारा द्रव) सोडून पाहा. तो सांध्यात दिसला तर सिमेंट नाही, विषय संपला. सिमेंट फ्रॅक्चरच्या रेषेत जाऊ देऊ नका, नाहीतर तिथे हाड जुळणार नाही. सोडताना सलग सी-आर्म ठेवा आणि गळती दिसताच थांबा. सुरू करण्याआधी भूलतज्ज्ञांना मोठ्याने सांगा, कारण फुप्फुसात गेलेलं सिमेंट किंवा चरबी सर्वांत आधी त्यांच्या मॉनिटरवर दिसते: ऑक्सिजन उतरतो, रक्तदाब पडतो. सिमेंट घट्ट होईपर्यंत स्क्रू, रॉड किंवा प्लेट हलवू नका. अर्धवट घट्ट असताना दिलेलं एक वळण सगळं वाया घालवतं.

जंतुसंसर्ग असेल किंवा पेडिकलची भिंत फुटली असेल तर सिमेंट वर्ज्य.

९. घरी गेल्यावर सैल झालेला स्क्रू

आठवड्यांनी काळी रेघ दिसली की पहिला प्रश्न हाडाचा नव्हे, जंतूंचा. सीआरपी आणि ईएसआर (सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) करा, जखम पाहा. संशय असेल आणि रुग्ण स्थिर असेल तर नमुने घेईपर्यंत अँटिबायोटिक देऊ नका. शस्त्रक्रियेत वेगवेगळ्या जागांहून ५ नमुने पाठवा. संसर्गित भोकात जाड स्क्रू घालणं म्हणजे तीच शस्त्रक्रिया तिसऱ्यांदा करण्याची तयारी.

संसर्ग नसेल तर फ्रॅक्चर जुळतंय का ते पाहा. जुळत असेल आणि जागा हलली नसेल तर एक सैल स्क्रू काढायची घाई नको. दर २ आठवड्यांनी तीच दोन चित्रं घ्या.

हाडाचं औषध याच भेटीत सुरू करा, ‘नंतर फिजिशियनकडे जा’ म्हणून सोडू नका. व्हिटॅमिन डी आणि कॅल्शिअम आधी भरून काढा. झोलेड्रोनेट वर्षाला ५ मि.ग्रॅ. शिरेतून, पण क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) ३५ च्या खाली असेल तर नाही. टेरिपॅराटाइड रोज २० मायक्रोग्रॅम हाड घडवणारं औषध आहे आणि मणक्याच्या ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी ते सुरू करण्याचा विचार जरूर व्हावा. रुग्ण आधीच डेनोसुमॅबवर असेल (दर ६ महिन्यांनी ६० मि.ग्रॅ.) तर शस्त्रक्रियेच्या गडबडीत डोस चुकू देऊ नका. तो थांबला की हाडाची झीज उसळून येते आणि मणके दबतात.

कुठे थांबून मदत बोलवायची

पुढीलपैकी काहीही झालं की हात थांबवा आणि वरिष्ठांना किंवा त्या भागाच्या तज्ज्ञांना टेबलवर बोलवा. फोनवर सल्ला पुरत नाही.

- एकाच तुकड्यात दोन भोकं वाया गेली आणि उरलेल्या भोकांत किमान स्क्रू बसणार नाहीत. आता प्रश्न स्क्रूचा नाही, रचना बदलण्याचा आहे: दुसरी प्लेट, नेल (हाडाच्या पोकळीत घालायची सळई), किंवा नेल आणि प्लेट दोन्ही.
- खुब्यात दोनदा वायर बदलूनही टोकाचं अंतर २५ च्या आत येत नाही.
- पेडिकलमध्ये प्रोबला एखाद्या बाजूला भिंत लागत नाही, पाण्यासारखा द्रव येतो, किंवा मज्जातंतूंच्या मॉनिटरिंगचे सिग्नल पडतात.
- सिमेंट मज्जारज्जूच्या कॅनालमध्ये किंवा सांध्यात दिसतं, किंवा सोडताना ऑक्सिजन उतरतो.
- स्क्रू सांध्यात आहे की नाही हे तिरक्या चित्रांतही ठरत नाही. शंका असेल तर तो आत आहे असंच धरा.
- फीमरच्या डोक्यातून स्क्रू बाहेर आला आहे आणि ॲसिटॅब्युलमही (खुब्याची वाटी) घासलं आहे, किंवा ह्यूमरसचं डोकं कोसळलं आहे. इथे पुन्हा स्क्रू नको, सांधा बदलणाऱ्या सर्जनचं मत हवं.

रुग्णाला आणि घरच्यांना डिस्चार्जच्या वेळी साध्या शब्दांत सांगा: अचानक नवी कळ, ‘कट्’ असा आवाज, पाय आखूड वाटणं, पायात बधिरपणा किंवा लघवी अडणं, जखमेतून पाणी. यातलं काही झालं तर मालीश नाही, व्यायाम नाही, पुढच्या तारखेची वाट नाही. वजन टाकणं बंद करून त्याच दिवशी एक्स-रे.

आणि ऑपरेशन नोटमध्ये लिहा: कोणत्या भोकात आटे गेले, त्याच्या जागी कोणत्या मापाचा स्क्रू घातला, सिमेंट कुठे आणि किती, संचाचं नाव आणि ड्रायव्हरच्या टोकाचा आकार. पुढे तो स्क्रू काढणाऱ्याला योग्य ड्रायव्हर आधीच मागवता येईल.